सर्दी एक, औषधं सहा

डिसेंबरात निफाडचा पारा बातम्यांत येऊ लागला की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या घरांत परदेशातली मंडळी उतरू लागतात. माझी आत्येबहीण नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते. मागे एकदा अशीच आली आणि चौथ्या दिवशी तिच्या सहा वर्षांच्या मुलाचं नाक वाहायला लागलं. खोकला, अंग कोमट. आत्या म्हणाली, "एकदा दाखवून तरी आणा रे, उगाच अंगावर काढू नका." जवळच्या एका दवाखान्यात गेलो. बाहेर पाऊण तास, आत चार मिनिटं. चिठ्ठीवर सहा नावं आली: अ‍ॅझिथ्रोमायसिनचं सिरप, मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन एकत्र असलेलं दुसरं, तापाचं तिसरं, खोकल्याचं चौथं, पोट बिघडू नये म्हणून प्रोबायोटिकच्या पुड्या आणि भूक लागावी म्हणून टॉनिक. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बहिणीने एकेक नाव मोबाइलवर शोधलं आणि मला विचारलं, "दादा, यातलं सर्दीचं कुठलं?"

प्रश्न रास्त होता. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. पोट बिघडण्याची भीती त्या अँटिबायोटिकचीच, म्हणून त्या पुड्या. मॉन्टेलुकास्ट मुळात दमा आणि अ‍ॅलर्जीचं. मनावर होणाऱ्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

तिकडचा तिचा अनुभव बरोबर उलटा. तिथे घराजवळच्या एका डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, त्याला ते 'हाउसआर्ट्स' म्हणतात. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आणि त्याच्यापर्यंत पोचण्याआधी फोनवरची सहायक विचारते, ताप किती दिवस आहे, मूल पाणी पितंय का, खेळतंय का. उत्तर बहुतेक वेळा एकच: पॅरासिटामॉल द्या, वाट पाहा. तिथल्या मराठी मंडळींत पॅरासिटामॉल हा ठरलेला विनोद आहे. पहिल्या हिवाळ्यात ही बाई आत्याला फोन करून रडली होती, "आई, इथे डॉक्टर औषधच देत नाहीत गं!" आता तीच नाशिकमध्ये चिठ्ठी बघून चिडते. युरोपात अँटिबायोटिक सर्वांत कमी वापरणाऱ्या देशांत नेदरलँड्स अनेक वर्षं आहे, हे तिला पुढे कळलं.

इथले डॉक्टर लबाड आणि तिथले साधू, असा अर्थ काढायला लोक फार उतावीळ असतात. मला तो पटत नाही. डॉक्टरला पैसे कशाचे मिळतात, हा खरा फरक आहे, आणि त्याचा माग काढायचा तर जुन्या बाटलीपर्यंत जावं लागतं.

आमचे आजोबा पंचवटीत ज्या डॉक्टरांकडे जात, तिथे रिकामी बाटली घरून न्यावी लागे. आतल्या बाजूला कंपाउंडर. तो लाल किंवा गुलाबी मिक्श्चर ओतायचा आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचा; पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या कुटून केलेल्या पुड्या वेगळ्या. 'तपासणी फी' हा शब्द नव्हताच. पैसे 'औषधाचे' असत. डॉक्टरने नुसतं "काही नाही, दोन दिवस आराम करा" म्हटलं तर द्यायचं काय, आणि घ्यायचं तरी कशाचं? सल्ला फुकट, बाटली पैशाची, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मुरला. बाटलीची पुढे सुई झाली, सुईची सलाइन झाली. "सुई मारली नाही, कसला डॉक्टर?" हे वाक्य आजही सिन्नर-दिंडोरीकडे ऐकू येतं.

गंमत अशी की ही बाटली आली ब्रिटनमधूनच. तिकडेही रोगी रंगीत मिक्श्चर घेतल्याशिवाय हलत नसे. १९११ च्या विमा कायद्याने तिथे डॉक्टरला विमाधारकामागे वार्षिक ठरावीक रक्कम मिळू लागली आणि औषध देणं केमिस्टकडे गेलं. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, औषधं मोफत झाली, तर मागणी इतकी वाढली की ती सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनीच लोकांच्या घशाखाली औषधांचे धबधबे वाहताहेत अशी तक्रार केली. १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग आकार बसवावा लागला. म्हणजे इंग्रज काही जन्मतः शहाणा नव्हता. पण त्याच्या डॉक्टरला औषध न देता घरी पाठवलं तरी पोटाला चिमटा बसत नव्हता. पुढे तर २००८ साली डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शक सूत्रं ठरवणाऱ्या तिथल्या 'नाइस' या संस्थेने रोग्याला काय सांगायचं तेही लिहून दिलं: कान साधारण ४ दिवस दुखतो, घसा आठवडाभर, सर्दी दीड आठवडा, खोकला ३ आठवडे. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी खोकला थांबला नाही तर माणूस डॉक्टर बदलतो.

परदेशी माणूस, ताप आणि नाशिक यांचं नातं तसं बरंच जुनं. एकोणिसाव्या शतकात देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक मुंबईच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. ऊन, कंटाळा आणि आजार यांनी डोकं फिरायचं. त्यातून त्यांच्या भाषेत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग रुजला. देवळालीचं डूलाली झालं आणि टॅप म्हणजे आपला तापच.

स्वातंत्र्यानंतर चिंता निराळी होती: औषधच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलीन देशात बनू लागलं. मग १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे तेच औषध वेगळ्या रीतीने बनवून आपल्या कंपन्या स्वस्तात विकू लागल्या. त्याने असंख्य जीव वाचले, हे आधी मान्य करायला हवं. पण एकच रेणू शंभर नावांनी बाजारात आला, आणि शंभरातलं आपलं नाव डॉक्टरच्या पेनातून उतरावं यासाठी बॅग घेतलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दवाखान्यांच्या बाकांवर बसू लागले. केंद्राने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ सालीच ११७ आवश्यक औषधांची यादी देऊन ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढा असं सुचवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ ची, म्हणजे आपण दोन वर्षं पुढे होतो. यादी छापली गेली, ब्रँड राहिले.

वेगळं दिसायचं तर दोन-तीन औषधं एका गोळीत कोंबायची, ही पुढची युक्ती. अशा कितीतरी मिश्रणांना केंद्राची मंजुरी न घेता राज्यांनीच परवाने दिले. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात सर्दी-खोकल्याची भरपूर होती. कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी उठवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं पुन्हा बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. नाशिकच्या कुठल्याही मेडिकलमध्ये खोकल्याचं कपाट मात्र भरलेलंच असतं.

चिठ्ठी लिहितो कोण, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्राने १९९२ साली आयुर्वेदाच्या ठरावीक पदवीधरांना आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली. २०१४ साली कायदे बदलून होमिओपॅथांसाठीही वाट काढली: औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. तो चालवतं म्हसरूळला मुख्यालय असलेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली स्थापन झालेलं. खेड्यात दुसरा डॉक्टर नसतो, हा युक्तिवाद खोटा नाही. पण कुठलं औषध कधी द्यायचं नाही, हे वर्षभरात किती शिकून होणार? अर्थात आमची चिठ्ठी चांगल्या एमडीची होती, त्यामुळे सगळं खापर तिकडे फोडता येत नाही.

एमडीचीही बाजू आहे. आइंडहोव्हनच्या डॉक्टरसमोरचा ताप बहुधा विषाणूचाच असतो. नाशिकच्या डॉक्टरसमोर तो टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया, क्षय यांपैकी काहीही असू शकतो, आणि रोगी परत दाखवायला येईलच याची खात्री नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, तेव्हापासून 'काही दिलं नाही' हे 'काही जास्त दिलं' यापेक्षा महागात पडेल असंही वाटू लागलं. आपल्याच जिल्ह्यात लासलगावला अनेक वर्षं प्रॅक्टिस केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी डॉ. अभय शुक्ला यांच्यासोबत ७८ डॉक्टरांना बोलतं केलं. कमिशन, टार्गेट, कंपन्यांचा दबाव हे सगळं त्यांच्या व्यवसायबंधूंनीच सांगितलं आहे.

या सवयीची झळ पुन्हा एका परदेशस्थ भारतीयाच्याच केस पेपरवर उमटली. २००८ साली स्वीडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका रुग्णात असे जिवाणू सापडले की कार्बापेनेमसारखी राखीव अँटिबायोटिकंही त्यांच्यापुढे हरत होती. तो आधी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून ही औषधं निकामी करणाऱ्या त्या जिवाणूंतल्या विकराच्या (एन्झाइमच्या) नावात नवी दिल्ली आली. २०१० साली यावर आपल्याकडे गदारोळ झाला, पण नावावरून. मग २०१३ मध्ये 'एच १' ही नवी अनुसूची निघाली, मार्च २०१४ पासून लागू: ४६ औषधं, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, डॉक्टर आणि रोग्याचं नाव रजिस्टरात, ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. चिठ्ठीशिवाय घेऊ नये हे दाखवणाऱ्या, स्ट्रिपवरच्या लाल रेघेची मोहीम २०१६ ची.

भाच्याला आम्ही फक्त तापाचं दिलं, आत्याने हळदीचं दूध आणि ओव्याची पुरचुंडी. नवव्या दिवशी खोकला गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी बहीण मला म्हणाली, "जरा मेडिकलपर्यंत ये ना." तिला सेफिक्झिमच्या दोन स्ट्रिपा हव्या होत्या. तिकडे मिळत नाहीत, असू द्याव्यात बॅगेत. औषध 'एच १' मधलं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, रजिस्टरही उघडलं नाही. लाल रेघ वर ठेवून दोन्ही स्ट्रिपा खाकी पाकिटात सरकवल्या आणि विचारलं, "ताई, अजून काही?"

"खोकल्याचं एक द्या," ती म्हणाली.