हृदयाचा नमुना: छापण्याआधीची गोष्ट

शस्त्रक्रियेआधी हातात घेऊन पाहता यावा म्हणून रुग्णाच्या हृदयाचा नमुना थ्रीडी प्रिंटरवर छापतात. पण या कथेची सुरुवात प्रिंटरपासून होत नाही, वेळेच्या टंचाईपासून होते. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या) आधाराने १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. हृदय उघडता येऊ लागलं खरं, पण थांबवलेलं हृदय फार वेळ थांबवून ठेवता येत नाही. शिवाय रिकामं झालं की ते मऊ पडतं, आकार सोडतं. आत काय आहे ते उघडल्यावर शोधत बसण्याची सोय नाही.

१९७१ मध्ये ब्रिटिश अभियंते हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिला सीटी स्कॅन झाला, तो मेंदूचा. धडधडतं हृदय त्या संथ यंत्राच्या हाती लागणारं नव्हतं. चक हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचं, म्हणजे थरावर थर चढवून वस्तू छापण्याच्या सुरुवातीच्या तंत्राचं, पेटंट १९८६ मध्ये मिळालं, तेव्हाही वैद्यकातले सुरुवातीचे नमुने कवटीचे नि जबड्याचे होते. हाड स्कॅनमध्ये उठून दिसतं ना! हृदयाची बारी आली ती ईसीजीच्या ठेक्यावर चित्रं टिपणारे वेगवान स्कॅनर आल्यावर.

इथे एक गंमत आहे. स्कॅनमध्ये उजळतं ते कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) मिसळलेलं रक्त, भिंत नव्हे. त्यामुळे थेट छापला तर मिळतो तो आतल्या रक्ताचा भरीव ठसा. शस्त्रक्रियेला हवी असते पोकळी. म्हणून त्या ठशाभोवती भिंतीचं कवच चढवून रक्त वजा करतात. खरा घाम या सेगमेंटेशनमध्ये, म्हणजे स्कॅनच्या चित्रांतून हवा तो भाग वेगळा काढण्यात, गळतो. प्रिंटर रात्रभर आपलं काम करत राहतो.

‘डबल आउटलेट राइट व्हेंट्रिकल’ या जन्मजात दोषात नमुन्याचं मोल कळतं. महारोहिणी (शरीराला रक्त पुरवणारी मुख्य धमनी) आणि फुप्फुसाची धमनी दोन्ही मुख्यतः उजव्या कप्प्यातून निघतात. डाव्या कप्प्यातलं रक्त नेण्यासाठी दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या छिद्रापासून महारोहिणीपर्यंत आतून बोगदा बांधता येईल का, हा प्रश्न. नमुन्याच्या भिंतीला खिडकी कापली की सर्जन ज्या बाजूने शिरणार, त्याच बाजूने छिद्र दिसतं. तान्ह्या बाळाचं हृदय हवं तर मोठं करूनही छापता येतं.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १० केंद्रांतल्या ४० रुग्णांच्या अभ्यासात नमुना पाहिल्यावर १९ जणांची शस्त्रक्रियेची योजना बदलली. संख्या लहान आहे, रुग्णही निवडक गुंतागुंतीचे. सरसकट प्रत्येकासाठी नमुना छापावा असं त्यातून निघत नाही.

झडपांची पातळ, सतत हलणारी पानं मात्र सीटीवरून केलेल्या नमुन्यात नीट उतरत नाहीत. त्यांच्यासाठी आजही इकोच (हृदयाची सोनोग्राफी) पाहावा लागतो.