बैलाचं गाणं, पण कुणाविरुद्ध?

'प्राण्यांसाठीची निषेधगीतं' म्हणून फिरणाऱ्या याद्यांमध्ये जल्लिकट्टू या तमिळनाडूतल्या बैलाच्या खेळासाठी झालेल्या आंदोलनाची गाणी हमखास घातलेली असतात. ती तिथली नव्हेत. जानेवारी 2017 मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण ठाण मांडून बसले ते जल्लिकट्टू पुन्हा सुरू करा म्हणून, बंद करा म्हणून नव्हे.

जल्लिकट्टू आणि आपली बैलगाडा शर्यत यांतला फरक इथे किरकोळ आहे. तिकडे माणूस सुटलेल्या बैलाच्या वशिंडाला लोंबकळतो, इकडे बैल घाटात गाडा पळवतात. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बंद केलं आणि 18 मे 2023 ला हे खेळ पुन्हा चालू देणारे राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. स्पेनच्या बुलफाइटच्या रिंगणात वाजणारा पासोदोब्ले तर त्या खेळाचंच संगीत, त्याचा निषेधाशी संबंध नाही.

खरा घोटाळा होतो तो बैलाच्या कौतुकामुळे. तमिळ कळत नाही, ठेका आक्रमक आहे, पडद्यावर बैल आहे. मग ऐकणारा समजतो, गाणं बैलाच्या छळाविरुद्ध असणार. हिपहॉप तमिळा या तमिळ संगीतजोडीचं 'टक्करु टक्करु' नेमकं उलट्या बाजूचं, जल्लिकट्टूच्या समर्थनाचं आहे. खेळ गेला तर देशी वाण जातील, असं ते आंदोलन म्हणत होतं. त्यातली बैलावरची माया मला खोटी वाटत नाही. म्हणूनच मायेवरून बाजू ओळखता येत नाही. राग कुणावर आहे ते ऐकावं लागतं. बंदीविरोधी गाण्याचा राग बंदीवर आणि ती मागणाऱ्यांवर असतो. तिथे बैल म्हणजे गावाचा मान.

क्रौर्यविरोधी गाण्याचा राग रिंगणातल्या माणसावर असतो. माद्रिदच्या स्का-पी बँडचं 'वेर्गुएन्सा', म्हणजे 'लाज', घ्या. त्याचा रोख थेट बुलफाइट खेळणाऱ्यावर आहे, आणि गाणारे स्पेनचेच आहेत. आपल्या सणांवर फक्त बाहेरचेच बोट ठेवतात, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. परंपरा त्यांचीही आहे, म्हणून तर लाज वाटते.

आणखी एक खूण म्हणजे क्रियापदं. एकीकडे बैल उसळतो, धावतो, मुसंडी मारतो. दुसरीकडे बैलाला टोचतात, त्याची शेपूट पिरगाळतात, भोसकतात. मला हे दुसरं रोखठोक लिहिलेलं हवं असतं. 'मुक्या जिवा, मुक्या जिवा' एवढंच घोळवणाऱ्या गाण्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. ती दोन्ही बाजूंच्या मिरवणुकीत सारखीच खपतील. 2014 च्या निकालात बैलांच्या शेपट्या चावल्याचे, डोळ्यांत तिखट टाकल्याचे उल्लेख आहेत. गाणं करायचं तर त्यावर करा.

मरीनाची गाणी यादीतून पुसायची गरज नाही. ती निषेधगीतंच आहेत आणि दमदार आहेत. फक्त 'बंदीविरोध' अशा वेगळ्या मथळ्याखाली ठेवा.