जारचं पाणी आणि खुर्चीतली नळी

‘आमच्याकडे जारचंच पाणी असतं,’ असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पेशंट निश्चिंत होतो. खान्देशात जार आणणं समजण्यासारखं आहे. नळाला पाणी रोज येईलच असं नाही आणि बोअरच्या पाण्याने यंत्रात क्षार साचतात. पण जीवाणूंचा प्रश्न जारने सुटत नाही. उलट जारमधल्या आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, त्यामुळे जीवाणूंना मोकळं रान मिळतं.

त्यांचं ठाणं असतं खुर्चीच्या पोटातल्या प्लास्टिकच्या नळ्यांत. दात कोरणारं हँडपीस मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेतं. दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा लागतो आणि ते पाणी जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीच्या नळीतून येतं. एवढ्या अरुंद नळीत एक मिलिलिटर पाणी सुमारे २० चौरस सेंटिमीटर भिंतीला टेकलेलं असतं. पाणी वाहतं ते मधून. भिंतीलगत ते जवळपास थांबलेलंच असतं. रात्री आणि रविवारी तर सगळंच थांबतं. मग जीवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर विणतात, रांजणाच्या तळाशी हाताला बुळबुळीत लागतो तसाच. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यातून जीवाणू सुटून फवाऱ्यात येत राहतात.

आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो. न्यूमोनिया करणारा लिजिओनेला २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. मे महिन्यात भुसावळच्या गच्चीवरची काळी टाकी आठवा, म्हणजे पुढचं सांगायला नको!

धडधाकट माणसाला यातून सहसा काही होत नाही. मात्र इटलीत २०११ साली ८२ वर्षांची एक बाई लिजिओनेलाच्या न्यूमोनियाने दगावली. आजारापूर्वीच्या दिवसांत ती घराबाहेर पडली होती ती फक्त दातांच्या दवाखान्यात जाण्यासाठी, आणि तिथल्या पाण्यात तोच जीवाणू सापडला. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये २०१६ साली दुधाच्या दातांवर उपचार झालेल्या कित्येक मुलांच्या जबड्यात संसर्ग शिरला; तिथे दोषी होता क्षयरोगाच्या जंतूचा एक भाऊबंद.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २००३ मध्ये मर्यादा घातली: साध्या उपचारांच्या पाण्यात मिलिलिटरमागे जास्तीत जास्त ५०० जीवाणू-वसाहती (तपासणीत वाढवल्यावर दिसणारे जीवाणूंचे ठिपके). दोन पेशंटच्या मध्ये २०-३० सेकंद पाणी सोडून द्यावं, असंही त्यात आहे. त्याने आधीच्या पेशंटच्या तोंडातून नळीत ओढलं गेलेलं निघून जातं, भिंतीवरचा थर मात्र तसाच राहतो. त्यासाठी नळीत ठरावीक दिवसांनी जंतुनाशक फिरवावं लागतं आणि पाणी तपासून घ्यावं लागतं. माझ्या मते खर्चाचा आणि कंटाळ्याचा भाग हाच, म्हणून तोच राहून जातो. खुर्चीला पाण्याची वेगळी बाटली असेल तर ती रात्री रिकामी करून कोरडी ठेवायला मात्र पैसे पडत नाहीत.

हाड कापून अक्कलदाढ काढायची असेल किंवा इम्प्लांट बसवायचं असेल, तर नळीचं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी चालत नाही. तिथे निर्जंतुक सलाईनच हवं, तेही वेगळ्या निर्जंतुक नळीतून.