बाही आधी कुठल्या हातात?

मेंदूला मार बसलेला सात वर्षांचा मुलगा पलंगाच्या कडेला बसून शर्ट घालतोय, असं समजू. डावा हात अजून साथ देत नाही. उजवा हात बाहीत गेलाय खरा, पण तोल सांभाळायला तो सारखा पलंगाची कडा धरतो आणि शर्ट पाठीवर अडकून बसतो. व्हिडिओ कॉलवरची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी तज्ज्ञ, वडिलांना म्हणते, "फोन जरा खाली धरा, मला त्याचे पाय बघायचेत." पाय अधांतरी लोंबकळताहेत. वडील पायांखाली छोटं स्टूल सरकवतात. पावलं टेकली, पाठ सावरली, हात मोकळा झाला. मग पुढची सूचना: बाही आधी कमजोर हातात, मग चांगल्या हातात. काढताना उलट.

पलंग उंच आहे हे दवाखान्यात कधीच कळलं नसतं. तिथल्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या असतात. दूरस्थ पुनर्वसन, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून घरबसल्या उपचार, म्हटलं की आधी वाचलेला प्रवास आणि वाचलेली रजा आठवते, आणि दमलेल्या आईवडिलांसाठी तेही थोडं नाही. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की मूल जिथे जगतं तिथेच उपचार होतात. इजा झालेल्या मेंदूला एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणं फार जड जातं. थेरपीच्या खोलीत जमलेली गोष्ट घरी येईपर्यंत हरवते, हा कितीतरी पालकांचा अनुभव आहे.

शिवाय मेंदू बदलतो तो सरावाने, आणि आठवड्यातल्या एक-दोन सत्रांत पुरेसा सराव होत नाही. कपडे घालताना, दात घासताना, खेळताना तो दिवसभर विखुरलेला असावा लागतो. तेव्हा घरातली माणसंच जवळ असतात. ब्राझीलमधल्या 'सारा' नावाच्या पुनर्वसन रुग्णालयांच्या जाळ्यात संशोधक लुसिया ब्रागा आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. मेंदूला मार बसलेल्या 5 ते 12 वर्षांच्या मुलांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला वर्षभर तज्ज्ञांनी थेट उपचार दिले. दुसऱ्या गटात तज्ज्ञांनी पालकांना शिकवलं आणि उपचार पालकांनी केले. 2005 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हालचाल आणि आकलन या दोन्हींत लक्षणीय सुधारणा दिसली ती पालकांच्या गटात. हा प्रयोग व्हिडिओ कॉलचा नव्हता, पण पडद्यापलीकडून शिकवणाऱ्याला बळ देणारा नक्कीच आहे.

मात्र पालकांच्या हाती व्यायामांची यादी देऊन मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. अपघातानंतर मूल चिडकं होतं, विसरतं, पटकन थकतं. आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. भावंडं कोपऱ्यात जातात. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात मानसशास्त्रज्ञ शारी वेड यांनी अख्ख्या कुटुंबासाठी ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. घरच्यांनी मिळून एक अडचण निवडायची, उपाय सुचवायचे, एक करून पाहायचा आणि व्हिडिओ कॉलवर थेरपिस्टशी बोलायचं. 2006च्या त्यांच्या अभ्यासात पालकांवरचा मानसिक ताण कमी झालेला दिसला. आईवडील सावरले की मुलाशी बोलण्याचा सूरही बदलतो.

पडद्याला मर्यादा आहेत. स्नायू किती ताठरलाय हे हातानेच कळतं. गिळताना ठसका लागत असेल, फिट येत असतील, तर प्रत्यक्ष तपासणी हवीच. आणि दमलेल्या मेंदूला लांबलचक कॉल सोसत नाही. अशा वेळी पालकांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवलेला बरा.

"लहान आहे, भरून येईल," असं सगळेच सांगतात. 1930च्या दशकात मेंदूच्या अभ्यासक मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी या समजाला आधार दिला होता. आज चित्र इतकं सोपं राहिलेलं नाही. नियोजन, संयम, लक्ष यांची जबाबदारी असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पाचव्या वर्षी झालेली इजा कधीकधी बाराव्या वर्षी उघडी पडते: चालतो-बोलतो नीट, पण दप्तर भरता येत नाही, गणिताची तिसरी पायरी सुटते. तोवर दवाखान्याची फाइल बंद झालेली असते. अशा वेळी त्याच थेरपिस्टला पुन्हा कॉल लावता येतो, आणि या खेपेला वर्गशिक्षिकेलाही त्यात बोलावता येतं.