हनुक्काचा मेनोरा: आठ ज्योती आणि एक शम्माश

यहुद्यांच्या हनुक्का या आठ दिवसांच्या सणासाठी मेनोरा, म्हणजे अनेक ज्योतींचा दिवा, घ्यायचा तर आधी ज्योतींच्या जागा मोजून पाहाव्यात. सात असतील तर तो दिवा दिवाणखान्यात शोभून दिसेल, पण सणाच्या उपयोगाचा नाही. सणाला आठ लागतात, शिवाय त्या पेटवायला नववी. बोलताना दोन्ही दिव्यांना सर्रास मेनोराच म्हणतात. हनुक्काच्या दिव्याला हिब्रूत ‘हनुकिया’ असं वेगळं नाव आहे, पण ते अलीकडचं.

सात फांद्यांचा दिवा जेरुसलेमच्या मंदिरातला. तो कसा घडवायचा हे तोराच्या, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाच्या, निर्गम या भागात सविस्तर दिलं आहे: शुद्ध सोनं, वजनाला आजच्या हिशेबाने तीस किलोच्या वर, कुठेही जोड नाही, सगळा एकाच गोळ्यातून ठोकून काढलेला, फांद्यांवर बदामाच्या फुलांच्या आकाराच्या वाट्या. इ. स. पूर्व १६९ मध्ये सीरियातून राज्य करणारा ग्रीक वंशाचा सिल्युकिड राजा अँटिओकस चौथा याने मंदिर लुटलं तेव्हा सोन्याचा दिवाही नेला. दोनच वर्षांनी त्याने यहुदी धर्माचरणावर बंदी आणली आणि मोदिईन गावचा याजक मत्तथिया व त्याचे मुलगे बंडाला उभे राहिले. त्यांपैकी यहुदा मक्काबीच्या फौजेने इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर परत मिळवलं, ते शुद्ध केलं, आणि हिब्रू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला तिथे पुन्हा उपासना सुरू झाली. हनुक्का सुरू होतो तो याच दिवशी.

त्या दिवशी मंदिरात लागलेला दिवा कसा होता? तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या संग्रहात, याची जी आठवण नोंदली आहे ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. लढाईतून आलेल्या त्या लोकांकडे सोनं नव्हतं. त्यांनी लोखंडी सळया घेतल्या, त्यांवर कथलाचा मुलामा दिला आणि त्यांचा मेनोरा केला. पुढे परिस्थिती सुधारली तेव्हा चांदीचा केला, आणखी सुधारली तेव्हा सोन्याचा. घरच्या दिव्यासाठी चांदी हवी की पितळ, यावर ज्यांचं अडतं त्यांनी या सळया आठवाव्यात.

एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ही गोष्ट आज प्रत्येक मुलाला माहीत असते. या बंडाची हकिगत सांगणाऱ्या मक्काबींच्या दोन्ही ग्रंथांत मात्र ती नाही. दुसऱ्या ग्रंथात आठ दिवसांचं कारण वेगळं दिलं आहे: डोंगरात लपून राहिल्यामुळे मांडवांचा सण, सुक्कोत, पाळता आला नव्हता, म्हणून तो उशिरा त्याच थाटात केला. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस या सणाला ‘दिवे’ म्हणतो, पण तेलाबद्दल तोही काही सांगत नाही. महायाजकाच्या मोहरेची एकच कुपी सापडली, ही कथा येते ती तालमूदमध्ये, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. तोवर इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं होतं, आणि रोममधल्या टायटसच्या कमानीवर मेनोरा उचलून नेणारी मिरवणूक कोरली गेली होती. मंदिर उरलं नाही, राज्यही उरलं नाही. मग सणाचा भार लढाईवरून ज्योतीवर आणि मंदिरावरून घरावर आला. माझ्या मते घरचा मेनोरा खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

घरासाठी रब्बींनी जे नियम घालून दिले त्यांतूनच दिव्याचा आकार ठरला. मंदिरातल्या दिव्याची नक्कल करू नये, असं तालमूद सांगतं. पाच, सहा किंवा आठ ज्योतींचा चालेल, सातांचा नाही. ज्योती किती लावायच्या यावर हिल्लेल आणि शम्मई या दोन आचार्यांच्या परंपरांमध्ये वाद होता. शम्मईच्या मते पहिल्या दिवशी आठ लावून रोज एक कमी करावी. हिल्लेलच्या मते एकापासून वाढवत न्यावं, कारण पवित्र गोष्टीत चढतं असावं, उतरतं नाही. चालला हिल्लेलचा मार्ग. दुसरा नियम भांड्याविषयी. एका पसरट भांड्यात तेल ओतून कडेने वाती लावल्या आणि वर काही झाकलं नाही, तर सगळ्या ज्वाला मिळून शेकोटीसारख्या दिसतात, आणि असा दिवा एका माणसापुरताही धरत नाहीत. ज्योत न् ज्योत सुटी दिसली पाहिजे. म्हणून बहुतेक मेनोरांत आठही जागा सरळ रेषेत, एका उंचीवर आणि अंतर राखून असतात.

नवव्या ज्योतीचं कारणही तिथलंच. हनुक्काच्या प्रकाशात पैसे मोजायचे नाहीत, काम करायचं नाही. तो फक्त पाहायचा. मग घरात उजेडासाठी आणखी एक दिवा हवा. तोच पुढे शम्माश, म्हणजे सेवक, झाला. त्याची जागा थोडी वर किंवा बाजूला असते, म्हणजे तो आठांत मिसळत नाही. विकत घेताना हे नक्की पाहावं. नऊच्या नऊ एका ओळीत, एकाच उंचीचे असतील तर सेवक कुठला ते कळत नाही.

सुरुवातीला यासाठी वेगळा दिवा नव्हताच. मातीच्या साध्या पणत्या ओळीने मांडत. इथे एक बारकावा आहे, जो आपल्याकडे दिवाळीच्या पणत्या आणणाऱ्यांना लगेच कळेल. मातीची पणती एकदा जळली की काळी पडते, जुनी होते. सोळाव्या शतकातल्या शुलहान अरूख या यहुदी नियमसंहितेत म्हटलं आहे की ती दुसऱ्या रात्री वापरू नये. धातूच्या किंवा लुकण दिलेल्या दिव्याला ही अडचण नाही. आठ रात्रींच्या वाढत्या ज्योती धरल्या तर छत्तीस पणत्या लागणार. धातूचा, वर्षानुवर्षं टिकणारा दिवा लोकांना सोयीचा वाटला, त्यामागे हेही एक कारण असावं.

धातू आला आणि ज्या त्या देशातल्या कारागिराचा हात त्यावर फिरला. मध्ययुगात पश्चिम युरोपात पाठीला उभा पत्रा आणि पुढे आठ वाट्यांची पट्टी असा, भिंतीला टांगायचा दिवा रुळला. इटलीत त्या पत्र्यावर शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचं शिर हातात धरलेली कथेतली वीरांगना ज्युडिथ आली. मोरोक्कोत नालाच्या आकाराच्या कमानी आणि पक्षी आले, पोलंडच्या पितळी दिव्यांवर सिंह आले. येमेनमध्ये दगडातच आठ खळगे कोरत. बगदादकडे पितळी कड्यांत काचेचे पेले बसवत. फ्रँकफर्टमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस घरासाठी चांदीचे, फांद्यांचे छोटे मेनोरा घडू लागले. यहुद्यांना कारागिरांच्या संघात प्रवेश नव्हता, म्हणून ते घडवणारे सोनार ख्रिश्चन होते. आज मेनोरा म्हटलं की डोळ्यांपुढे जो फांद्यांचा आकार येतो, तो घराघरांत पोचला तो साधारण या काळापासून. उत्तर युरोपात ऑलिव्हचं तेल महाग, म्हणून तिथे मेणबत्त्याही चालू झाल्या.

दिवा ठेवायची जागासुद्धा इतिहासाने हलवली. मूळ नियम घराच्या दाराबाहेर, डावीकडे; वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने रस्त्याकडच्या खिडकीत; आणि संकटाच्या काळी घरातल्या टेबलावर ठेवला तरी पुरे. जर्मनीतल्या कील शहरात १९३१ च्या हनुक्कात रब्बी अकिबा पोझनर यांच्या पत्नी राहेल यांनी खिडकीतल्या मेनोराचा फोटो काढला. समोरच्या इमारतीवर नाझी पक्षाचा स्वस्तिकाचा झेंडा स्पष्ट दिसतो. १९३३ मध्ये कुटुंबाने देश सोडला तो हा दिवा बरोबर घेऊन. आता तो जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकात असतो. फोटोत पाहिलं तर तो अगदी साधा दिवा आहे.

मराठी वाचकाला या इतिहासात आपल्या किनाऱ्याचाही एक धागा सापडतो. नवगावजवळ जहाज फुटून कोकणात उतरलेले, असं स्वतःविषयी सांगणारे बेने इस्राएल यहुदी पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारपर्यंतचा विश्रांतीचा दिवस), सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली होती. हनुक्का मात्र त्यांच्या जुन्या सणांत नव्हता. त्यांचे पूर्वज मक्काबींच्या बंडाआधीच निघाले असावेत, असा तर्क यावरून काहींनी केला. तो सिद्ध झालेला नाही. कोचीनच्या आणि नंतर बगदादी यहुद्यांच्या संपर्कात हा सण त्यांच्या घरांत आला. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी सिनेगॉग उभारलं, तेव्हापासून या सगळ्याला घट्ट बैठक मिळाली. ज्यांच्या हातांना पिढीजात तेलाचा वास, त्यांच्याकडे तेलाचा सण इतक्या उशिरा पोचावा, याचं मला फार वाटतं. तालमूदमध्ये एक नोंद आहे: बॅबिलोनियातले रब्बा आधी तिळाचंच तेल शोधत, कारण त्याची ज्योत जास्त वेळ टिकते; ऑलिव्हच्या तेलाचा उजेड अधिक स्वच्छ असतो हे ऐकल्यावर ते ऑलिव्हकडे वळले. चालतात मात्र सगळी तेलं. त्यामुळे मुंबई-ठाण्यात ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवाचून कोणाचं अडायला नको.

आता घ्यायचाच असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी, ती वाटीची किंवा मेणबत्तीच्या खाचेची. ज्योत अंधार पडल्यावर निदान अर्धा तास जळायला हवी. बाजारात हनुक्काच्या बारीक मेणबत्त्यांचा खोका मिळतो, त्यात ४४ असतात: आठ रात्रींच्या ३६ आणि रोजचा एक शम्माश. त्या इतर दिवशी पुरतात, शुक्रवारी नाही. त्या दिवशी शब्बाथच्या दिव्यांआधी, म्हणजे सूर्यास्तापूर्वीच मेनोरा लावावा लागतो, आणि ज्योत अंधारानंतरही अर्धा तास राहिली पाहिजे. एकूण सव्वा-दीड तास तरी धरावेत. नाजूक, उथळ वाट्यांचा दिवा तिथे कमी पडतो. तेलाचा घेतलात तर घरी आणून एका वाटीत वात लावून आधी वेळ पाहावी. मेणबत्त्यांचा घेतलात तर जाड मेणबत्ती खाचेत नीट बसते का ते दुकानातच बघावं.