अगाथा ख्रिस्ती यांच्या कथांमधले विष

अगाथा ख्रिस्ती रहस्यकथांच्या लेखिका म्हणून नावारूपाला येण्याआधी कंपाउंडर होत्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्कीला, म्हणजे त्यांच्या गावी, टाउन हॉलमध्येच जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले होते. तिथे त्यांनी आधी परिचारिकेचे काम केले, मग त्या औषधे तयार करण्याच्या विभागात गेल्या. १९१७ साली त्या कामाची परीक्षाही पास झाल्या.

परीक्षेच्या तयारीसाठी त्या गावातल्या एका औषधवाल्याकडे शिकत. एकदा त्याने दशांशचिन्ह चुकवले आणि औषध धोकादायक प्रमाणात पडले. ख्रिस्तींच्या ते लक्षात आले, पण त्याला तोंडावर सांगायचे कसे? त्यांनी ठेच लागल्याचे सोंग केले, तयार माल जमिनीवर पाडला आणि पायाखाली चिरडून टाकला. हाच गृहस्थ खिशात क्युरारी हे विष बाळगी. त्याने अंगात बळ आल्यासारखे वाटते, म्हणे. पुढे चाळीसहून अधिक वर्षांनी, ‘द पेल हॉर्स’ ही कादंबरी लिहिताना, ख्रिस्तींना तोच आठवला.

रहस्यकथा तुला जमणार नाही, असे थोरल्या बहिणीने डिवचले होते. औषधालयातल्या रिकाम्या वेळात त्यांनी ती लिहायला घेतली. गुप्तहेर बेल्जियन केला, कारण टॉर्कीत बेल्जियन निर्वासित आलेले होते. तोच पॉइरो. विष निवडले स्ट्रिक्निन, आपल्या काजऱ्याच्या बियांमधले. ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ ही कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली आणि अखेर १९२० साली अमेरिकेत छापून आली. तिच्यातला खून कसा होतो ते इथे फोडत नाही. पण रोज हाताने बाटल्या भरणाऱ्यालाच सुचावी अशी ती युक्ती आहे. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने तिच्यातल्या अचूकपणाची तारीफ केली होती. मला वाटते, ख्रिस्तींना मिळालेली सर्वांत खरी दाद हीच.

‘द पेल हॉर्स’ १९६१ची. तिच्यात थॅलियम या विषारी धातूच्या बाधेची लक्षणे, विशेषतः केस गळणे, नीट दिली आहेत. १९७७ साली कतारहून दीड वर्षाची एक मुलगी लंडनच्या रुग्णालयात आणली गेली. डॉक्टरांना आजार कळेना. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका नेमकी हीच कादंबरी वाचत होती. तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी निघाली. घरात झुरळ-उंदरांसाठी वापरलेल्या औषधातून ते मुलीच्या पोटात गेले होते. मुलगी वाचली. डॉक्टरांनी या रुग्णाविषयी लेख लिहिला, त्यात ख्रिस्तींचे आभार मानले. त्या मात्र १९७६च्या जानेवारीतच गेल्या होत्या.