कृत्रिम हाताच्या जुळवणी-भेटींचे वैद्यकीय कोडिंग

हात गमावलेल्या व्यक्तीला कृत्रिम हात बसवण्यासाठी, किंवा बसवलेला हात सैल, घट्ट वा बोचरा झाल्यास तो पुन्हा नीट बसता करण्यासाठी जी भेट होते, तिची संकेतांकांत केलेली नोंद. नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्ट्यात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेट परिसरात हे काम मुख्यतः अमेरिकेतील रुग्णालयांच्या चार्टवर (रुग्णनोंदींवर), त्यांच्या बिलांसाठी, चालते. म्हणून येथे दिलेले संकेतांक १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या रोगवर्गीकरणाच्या आवृत्तीचे आहेत.

वर्गीकरणात या भेटीला आजार मानलेले नाही. बाह्य कृत्रिम अवयव बसवणे व जुळवणे यासाठी झेड४४ हा गट असून हाताचा उपगट झेड४४.० हा आहे. अवयव काढणे किंवा बदलणेही याच गटात येते. त्याआधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये व्ही५२.० हा एकच संकेतांक होता आणि ‘पूर्ण’ व ‘आंशिक’ हे शब्द त्यापुढे कंसात दिलेले होते. वर्गीकरणाच्या रूढीनुसार कंसातील शब्द असला वा नसला तरी संकेतांक बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्येही तेच कंस आहेत. अमेरिकी आवृत्तीने मात्र ते कंस काढून दोन वेगळे विभाग केले : झेड४४.०१ पूर्ण कृत्रिम हात, झेड४४.०२ आंशिक. प्रकार न नोंदवलेला हात झेड४४.०० मध्ये जातो. शेवटचा अंक बाजू सांगतो. १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा, ९ म्हणजे अनुल्लेखित. उदाहरणार्थ, उजव्या आंशिक हाताच्या जुळवणीची भेट झेड४४.०२१ होते.

कंस गेले, पण ‘पूर्ण’ म्हणजे काय याची व्याख्या या विभागांखाली दिलेली नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते. एका वाचनानुसार खांद्यापासून सारा हात भरून काढणारे साधन पूर्ण आणि त्याहून खालचे प्रत्येक आंशिक. दुसऱ्या वाचनानुसार कृत्रिम कोपर असलेले साधन, म्हणजे दंडावर बसणारेही, पूर्णच धरावे. पहिले वाचन शब्दार्थाला अधिक धरून आहे. शिवाय छेद (हात कापणे) कोणत्या पातळीवर झाला हे सांगण्यासाठी झेड८९ हा वेगळा गट आहेच, त्यामुळे पातळीचे ओझे झेड४४ वर टाकण्याची गरज उरत नाही. मनगटाखालच्या पंज्याला झेड४४ मध्ये स्वतंत्र उपविभाग नाही, ही आणखी एक गाठ. मराठी वाचकाला ती लवकर उमगावी. ‘हात धुतले’ म्हणताना आपण पंजा धरतो आणि ‘हात खांद्यातून निखळला’ म्हणताना सबंध बाहू, शब्द एकच. प्रशिक्षणात इंग्रजी चार्ट मराठीतून समजावताना पंजा, मनगट, कोपर, दंड, खांदा हे शब्द वेगवेगळे वापरलेले बरे. चार्टमध्ये पातळी नसेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांकडे क्वेरी (विचारणा) पाठवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. चुकीच्या अंकाने अडलेल्या बिलाच्या दुसऱ्या टोकाला एक हात गमावलेला माणूस असतो.

झेड८९ मध्ये कोपराखालील छेदनासाठी झेड८९.२१, कोपरावरील छेदनासाठी झेड८९.२२ आणि खांद्याशी झालेल्या छेदनासाठी झेड८९.२३ आहे. जन्मतःच हात अपुरा असल्यास हा गट चालत नाही. तेथे क्यू७१ लागतो. कृत्रिम हात आहे एवढीच माहिती द्यायची असेल आणि भेट दुसऱ्याच कारणाची असेल, तर झेड९७.१.

जुळवणी का लागते, हेही कोडिंग करणाऱ्याने जाणून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत सूज उतरते, स्नायू आक्रसतात आणि उरलेला भाग (स्टंप) बारीक होतो. मापाने घडवलेले सॉकेट (साधनाचा स्टंपवर बसणारा भाग) मग सैल पडते. दोरीवर चालणाऱ्या हातात खांद्याचा पट्टा व केबलचा ताण बदलावा लागतो, मायोइलेक्ट्रिक हातात स्नायूंचे संकेत टिपणारे इलेक्ट्रोड. अशी भेट झेड४४ ची. मात्र रुग्ण स्टंपमधील न्यूरोमाच्या (कापलेल्या मज्जातंतूच्या टोकावरील गाठीच्या) दुखण्यासाठी आला तर टी८७.३, जंतुसंसर्गासाठी टी८७.४ आणि नसलेल्या हाताच्या वेदनेसाठी जी५४.६. साधनातील बिघाड झेड४४ मधून स्पष्टपणे वगळलेला आहे.

देयकाच्या बाजूला, साधन एल-संकेतांनी (एल अक्षराने सुरू होणाऱ्या अमेरिकी संकेतांनी) नोंदवतात. दुरुस्तीच्या मजुरीसाठी एल७५२० हा दर १५ मिनिटांचा संकेत आहे. वापराच्या प्रशिक्षणाची पहिली भेट सीपीटी (वैद्यकीय सेवांच्या अमेरिकी संकेतयादी) मधील ९७७६१, पुढच्या भेटी २०१८ पासून ९७७६३. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्यविमा योजनेच्या कृत्रिम पायाविषयीच्या धोरणात साधन दिल्यापासून ९० दिवसांतील नेहमीच्या जुळवण्या साधनाच्या किमतीतच धरल्या आहेत. हाताच्या चार्टला तो नियम तपासल्याविना लावू नये.

ठाणे-नवी मुंबईत हा व्यवसाय साधारणतः २००० नंतरच्या दशकात रुजला असे मानतात. स्थानिक रुग्णांशी त्याचा संबंध थोडा. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, पण सीपीटी व एल-संकेत ही अमेरिकी देयकपद्धतीची अंगे आहेत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये बाजू मूळ संकेतांकाला जोडसंकेत लावून सांगतात. अमेरिकी चार्टवर अजून आयसीडी-१०-सीएमच चालते.